पाय फुटलेली ज्वारी

बाईंच्या डब्यात काय निघेल याचा नेम नसायचा. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षकमंडळी डबे उघडून बसायचो. बाईंच्या पितळी डब्याचा वरचा कप्पा भाजी-भाकरीचा, हे ठाऊक होतं. खालच्या कप्प्यात काय असतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा मीठ शोधायला म्हणून मीच तो उघडला आणि अशी किंचाळले, की सातवीचा अख्खा वर्ग बाहेर आला. आत काळपट, अंगठ्याएवढ्या जाड गोळ्या होत्या, आणि एका गोळीतून पिवळेधम्मक दात बाहेर आले होते.

मुख्याध्यापक आधीच तापट. "बाई, शाळेत घुबडाची विष्ठा आणता? जेवणाच्या डब्यात?"

बाईंनी शांतपणे डब्याचं झाकण लावलं. "विष्ठा नाही सर," त्या म्हणाल्या, "ओकारी आहे."

त्या दिवशी दुपारी कुणी जेवलं नाही. बाई तेवढ्या दीड भाकरी खाऊन हात धुवायला गेल्या.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. इतका नवा, की अर्जावर जिल्हा लिहिताना लोक आधी सवयीनं उस्मानाबाद लिहायचे आणि मग खोडायचे. मी नांदेडची. आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून, त्यामुळे मीही मास्तरीण झाले यात नवल नव्हतं. नवल होतं ते नेमणुकीच्या गावाचं. देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं ते खेडं. नांदेडहून नायगाव, देगलूर, उदगीर करत एसटीनं तिथं पोचेपर्यंत माझा पार पिट्ट्या पडायचा.

एकट्या बाईमाणसाला गावात कुणी खोली देईना. बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. पन्नाशीच्या, अंगानं थोराड, लग्न न केलेल्या, पायात पुरुषी वहाणा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"माझ्याकडं राहशील का? बौद्ध वस्तीत घर आहे माझं. तुझ्या घरच्यांना चालतंय का इचारून घे."

मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? चालेल.

"आणि उंदीर? उंदीर चालतंय का?"

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. अगबाई, थट्टा कसली! त्यांच्या दोन खोल्यांच्या, सपाट मातीच्या छताच्या माळवदी घरात देवळीपासून फळीपर्यंत काड्यापेट्या रचलेल्या होत्या, आणि प्रत्येक पेटीत कापसावर एकेक कवटी. करंगळीच्या नखाएवढ्या, हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या कवट्या. घुबड उंदीर अख्खाच गिळतं, मांस पचवतं, आणि केस-हाडं जी पचत नाहीत त्यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. बाई त्या गोळ्या गोळा करायच्या, पाण्यात भिजत घालायच्या आणि रविवारी सकाळी दारात पाय पसरून सुईनं हाडं सोडवत बसायच्या. शेजारच्या बाया गहू निवडत असायच्या, आमच्या बाई उंदीर निवडत असायच्या.

"हे बघ, हा भेगेत राहणारा मऊ केसांचा. हा मोठ्या डोळ्यांचा, शेपटीला झुपका असतो तो. ही लहान्या उंदराची कवटी, पिठाच्या चिमटीएवढा जीव. आणि ही चिचुंद्री."

"म्हणजे उंदीरच की."

बाई दुखावल्या. "चिचुंद्री उंदीर न्हाई. दात बघ तिचे. तुला शेळी आणि कुत्रं एक वाटतंय का?"

उंदराची मला शिसारी. आजही आहे, उगाच खोटं कशाला बोला. माझ्या आईनं नांदेडला पिंजरे लावले, औषध ठेवलं, मांजरं पाळली, आणि मी इथं येऊन पगारातून भाडं भरून उंदरांच्या कवट्यांत झोपत होते. पण गंमत अशी, की बाईंच्या घरात जिवंत उंदीर एकही नव्हता. धान्याचा दाणा उघडा ठेवायच्या नाहीत. मला एकदा शेंगदाण्याचा कूट झाकायचा राहिला, तर अशा काही बोलल्या की मी तोंड पाडून बसले.

"रानातला उंदीर रानात. घरात आला की त्याचं बी वाटोळं, आपलं बी," असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचं आवडतं वाक्य होतं, ते त्या वर्गात, शिवारात, एसटीत, कुठंही म्हणायच्या: "उंदीर म्हंजे पाय फुटलेली ज्वारी." ज्वारी जागची हलत नाही. घुबडाला, धामणीला, कोल्ह्याला, रानमांजराला ज्वारी खाता येत नाही. मग ज्वारी उंदीर होते आणि पळत पळत त्यांच्या तोंडाशी जाते. "एक उंदीर काढून घ्या मधून," त्या मुलांना सांगायच्या, "अख्खं रान उपाशी झोपंल."

हे सगळं मला आधी वेडगळपणा वाटायचं. मग एका उन्हाळ्यात बाई मला काळ्या रानात घेऊन गेल्या. आमच्या त्या काळ्या मातीला वैशाखात अशा भेगा पडतात, की काठी घातली तर काठी आत जाते. बाई लुगडं सावरून भुईवर आडव्या झाल्या आणि भेगेला कान लावला. मला हातानंच खूण केली, झोप म्हणून. माझं नवं पातळ होतं, पण झोपले. वर आग ओकणारं ऊन, नजर जाईल तिथवर हिरवं पान नाही, आणि त्या भेगेत खाली कुठंतरी खुसखुस चालली होती. बारीक चीं-चीं झाली. परत खुसखुस. मी श्वास धरून ऐकत राहिले. माझ्या छातीखाली त्या मेल्या जमिनीत कुणीतरी संसार करत होतं.

"पाणी कुठून पितात हे?" मी विचारलं.

"काही तर पीतच न्हाईत. दाण्यात, मुळीत जेवढी ओल असती, तेवढ्यावर जन्म काढतेत," बाई म्हणाल्या. "आपल्याला दोन घागरी लागतेत नुसतं तोंड धुवायला."

उठताना त्यांनी वर बोट दाखवलं. आभाळात एक पांढरा-करडा पक्षी एकाच जागी पंख हलवत उभा होता. पुढं नाही, मागं नाही. ती कापशी घार. तीही तीच खुसखुस शोधत होती. खाली आम्ही दोघी, वर ती. 

बाईंना कुठंही न्या, त्या उंदरांपाशीच पोचायच्या. आमच्या नव्या जिल्ह्याची कचेरी लातूरला सुरू झाली, तेव्हा जुन्या जिल्ह्यातून कागदपत्रांचे ट्रक आले. शिक्षकांच्या कसल्याशा बैठकीला आम्ही गेलो होतो. सगळे साहेबांची वाट बघत होते, आणि बाई व्हरांड्यात रचलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांना नाक लावून उभ्या. साहेब आले, म्हणाले, "काय शोधताय?" बाई म्हणाल्या, "काही नाही साहेब, आपल्याबरोबर जुन्या जिल्ह्यातले उंदीरही बदलीवर आलेत. गठ्ठे टेबलावर घ्या, नाहीतर नवा जिल्हा महिन्यात कुरतडतील." साहेब नवे होते, त्यांना हसावं का रागवावं कळेना. गठ्ठे मात्र टेबलावर गेले.

हे उंदरांचं वेड आलं कुठून, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, थापता थापताच बोलल्या. त्यांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला. वस्तीतल्या बाया कुदळी घेऊन खळं झालेल्या रानात जायच्या आणि घुशींची बिळं उकरायच्या. घूस बिळात ज्वारीची कणसं ओढून नेऊन साठा करते. नीट रचून, देठ एकीकडं. एखाद्या बिळात चार भाकरीची ज्वारी निघायची. त्या ज्वारीवर घर जगलं.

"पण माझी माय बीळ रिकामं न्हाई करायची. मूठभर कणसं आत ठेवायची, माती परत लोटायची. मी रडायची, मला भूक लागलेली. म्हणायची, अगं, ही उपाशी मेली तर फुडच्या साली आपल्यासाठी साठवंल कोण?"

एवढं बोलून बाईंनी भाकरी तव्यावर टाकली.  नांदेडच्या आमच्या घरात कणगीतली ज्वारी कधी तळाला गेलेली मी पाहिली नव्हती.

आता घुबडांबद्दल सांगते. बाईंच्या दारापासून हाकेच्या अंतरावर वस्तीची विहीर होती. एके काळी गावच्या विहिरीला या लोकांना हात लावू देत नव्हते, तेव्हा वस्तीनं स्वतःच्या हातांनी ती खोदलेली. बाईंचे वडील त्या खोदणाऱ्यांत होते. विहिरीच्या भिंतीत, अर्ध्या उंचीवर, एक दगड निसटून कपार झाली होती. त्या कपारीत गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. पिंपळाच्या पानासारखं पांढरं तोंड, त्यात दोन काळे डोळे. तिन्हीसांजेला ती विहिरीतून वर यायची ती इतकी बिनआवाज, की बघणाऱ्याला वाटावं आपले कान गेले. पंखाची फडफड नाही, वाऱ्याची झुळूक नाही. नुसतं पांढरं काहीतरी डोक्यावरून जायचं.

"तिला डोळ्याचं काम न्हाई," बाई सांगायच्या. "गवताखालच्या उंदराचं चालणं ती कानानं पकडती. आपल्या पंखाचा आवाज आला तर उंदराचा कसा ऐकू येईल? म्हणून पंखच खामोश."

वस्तीत कुणाला घुबडं आवडायची नाहीत, हे काय सांगायला पाहिजे? पण बाईंनी निम्म्या वस्तीला शिकवलं होतं. जिला शिकवलं नव्हतं, तिच्या पोरांना शिकवलं होतं. त्यामुळे लोक पुटपुटायचे आणि गप्प बसायचे.

कपारीत पिल्लं झाली की बाई दुपारी आरसा घेऊन विहिरीच्या काठावर बसायच्या आणि उन्हाचा कवडसा आत पाडायच्या. पिल्लं एकदम जन्मत नाहीत, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं अंड्यातून निघतात. त्यामुळे थोरलं, मधलं, धाकलं अशी उतरंड. रानात उंदीर रग्गड असले तर सहा-सहा पिल्लं. दुष्काळात दोन-तीन, तीही सगळी जगतील याची खात्री नाही. धाकट्याचा नंबर लागेपर्यंत उंदीर संपलेले असतात.

मी तिथं असतानाच एक दुष्काळी साल आलं, त्या साली तीन पिल्लं होती. रानातले उंदीर आटले होते, पण गुरांची छावणी पडली होती, तिथल्या चाऱ्यापेंडीवर चार उंदीर जमले म्हणून एवढी तरी झाली. एका दुपारी बाईंनी कवडसा पाडला आणि माझा दंड असा धरला, की दोन दिवस दुखत होता. थोरल्यापुढं एक अख्खा उंदीर पडला होता. त्यानं तो चोचीत उचलला. मला वाटलं, आता गिळणार. पण ते डुलत डुलत मागं वळलं आणि कोपऱ्यातल्या धाकट्यापुढं त्यानं तो उंदीर ठेवला. धाकटं ओढून ओढून खाऊ लागलं आणि थोरलं नुसतं बघत राहिलं. भुकेचं साल होतं आणि ते पिल्लूही भुकेलंच होतं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. "बघितलंस का?" एवढंच म्हणाल्या. मी बघितलं होतं. त्या दिवसापासून मी बाईंच्या वेडाला वेड म्हणणं बंद केलं.

पण पुढं जे झालं, ते सांगायला म्हणून एवढं सगळं बोलले.

विहीर आटली. तळाला बूडभर गढूळ पाणी, मग तेही नाही. वस्तीतल्या बाया दुसऱ्या शिवारातून पाणी आणायच्या. बाईंच्या धाकट्या भावाचं घर आमच्या शेजारीच होतं. त्याची बायको, म्हणजे बाईंची भावजय, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. पदरात तीन लेकरं, त्यातलं एक अंगावर पिणारं. पहाटे निघायची, ऊन चढल्यावर दोन घागरी घेऊन परतायची, संध्याकाळी पुन्हा जायची. घागरींनी तिच्या डोक्यावरचे केस झडले होते. वस्तीनं नव्या जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला होता, की सुरुंग लावून विहीर खोल करून द्या. अर्ज मंजूर झाल्याची खबर आली, तेव्हा भावजयीनं गूळ वाटला.

"पिल्लांचं काय?" मी बाईंना विचारलं.

"अगं, सरकारी काम हाय. मंजूर आज झालं तर मशीन पाऊस पडून गेल्यावर येतंय. तवर पोरं उडून जातील." अख्खा जन्म सरकारी कामाला जवळून पाहिलेलं माणूस हेच म्हणेल. बाईंची चूक झाली ती इथं. जिल्हा नवा होता, साहेब नवे होते, त्यांना कामाची हौस होती. आठवडा उलटायच्या आत एका दुपारी वर्ग चालू असताना वारा फिरला आणि वस्तीकडून धडधड ऐकू आली; आम्ही शाळेत आल्यापासूनच चालू असणार.

बाई फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होत्या. खडू तसाच टाकून पळाल्या. बाईंना पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. मागं मी.

विहिरीपाशी ट्रॅक्टर, त्याला जोडलेला कंप्रेसर, काठावर दगड ओढून काढायची यारी उभी केलेली. तळाच्या खडकात भोकं पाडून झाली होती, सुरुंगाची दारू भरायची तेवढी राहिली होती. समोरच्या बाभळीवर घुबडाची मादी दिवसाढवळ्या बसली होती, आणि कावळे तिला टोचत होते. सुरुंगवाल्या टोळीतला एक माणूस वस्तीतून ओरडत फिरत होता, "गरवार बाया, बाळंतिणी लांब न्या रे! बार हाय, बार!" ती त्यांची रीत. सुरुंगाच्या हादऱ्यानं पोटातलं पोर दगावतं, बाळंतिणीचं दूध आटतं, म्हणून हाकेच्या टापूत बाळंतीण असेल तर ते वात पेटवत नाहीत.

बाई धापा टाकत टोळीच्या मिस्त्रीपुढं उभ्या राहिल्या. "मिस्त्री, दारू भरू नका आत्ता. खाली बाळंतीण हाय."

मिस्त्रीचं तोंड पांढरं पडलं. बाईंनी लगेच कपारीकडं बोट केलं. "घुबडीण. तीन लेकरं हाईत तिची तिथं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भावजय हसली नाही. काखेत पोर, हातात रिकामी घागर. ती पुढं आली.

"आक्का, तुम्हाला घुबडाची लेकरं दिसतेत. आमची न्हाई दिसत? मशीन आज गेलं तर परत कवा येतंय? माझ्या टाळूला हात लावून बघा, केस ऱ्हायलेत का!" तिचा आवाज फाटला. "मामंजींनी खोदलेली विहीर हाय ही. तुमच्या बापानं! घुबडासाठी न्हाई खोदली."

सगळी वस्ती ऐकत होती. बाईंच्या तोंडावर कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत.

"दिसतेत गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बार करूच नका असं न्हाई म्हणत मी. आधी मला खाली सोडा म्हणते."

मिस्त्रीनं डोक्याचा रुमाल काढून घाम पुसला. "सोडतो, बाई. बाळंतिणीचा तळतळाट आमच्या धंद्यात चालत न्हाई, मग ती पाखराची का असंना. पण दिवस बुडायच्या आत बार झाला पायजे. सकाळी मशीन दुसऱ्या गावाला जातंय."

मलबा वर काढायच्या लोखंडी बादलीत बाई बसल्या. पन्नाशीच्या, भरल्या अंगाच्या. यारी कुरकुरली, गड्यांनी दोर धरला. मी डोळे मिटून घेतले. मग खालून असा आवाज आला, की तापल्या तव्यावर कुणी पाणी टाकतंय. पिल्लं फुत्कारत होती. बाई वर आल्या तेव्हा ओच्यात तिन्ही पिल्लं होती आणि मनगटातून रक्त येत होतं. "थोरल्यानं धरलं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "शहाणं हाय."

बाया पोरांना ओढून मागं सरल्या. पिल्लं ठेवणार कुठं? बाईंचंच माळवद. पिल्लं घातलेला खोका कुणी धरीना. मग मी धरला. मी, जी झुरळ दिसलं तर कॉटवर चढते! शिडी चढताना खोक्यातून सडक्या उंदरांचा वास येत होता आणि तीन पांढरी तोंडं माझ्याकडं बघत होती.

बार झाला. जमीन हादरली, धुराचा लोट वर आला, दगड पडायचे थांबले. मिस्त्रीनं काठावरून वाकून पाहिलं, एक खडा टाकला. सगळ्यांचे प्राण कानात. खडा दगडावर ठणकन आपटला.

"कोरडं दिसतंय," तो म्हणाला. "दगडानं भरलंय. सकाळी मलबा काढला की कळंल."

त्याच्या तोंडावरूनच सगळ्यांना काय ते कळलं. भावजय काठावर मटकन बसली. आणि मागून कुणीतरी बोललंच, "घुबडाला हात लावल्यावर पाणी कसं लागंल?" मग एकाचे दोन, दोनाचे दहा झाले. बाईंचा भाऊ लोकांना समजावत होता, लोक त्याच्यावर ओरडत होते, कुत्री भुंकत होती, पोरं रडत होती. बाई माळवदावर खोक्यापाशी बसून होत्या. ज्यांना बाराखडी शिकवली, ते खालून नाही नाही ते बोलत होते. मी शेजारी बसले आणि रडायला लागले. बाई रडल्या नाहीत.

दिवस मावळला. बाभळीवरची मादी उडाली. विहिरीत उतरली, वर आली. परत उतरली, परत वर आली. तिची कपार सुरुंगानं ढासळली होती. तिच्या पंज्यात उंदीर होता. बहुधा नरानं आणून दिला असेल, नाहीतर तिनंच छावणीकडून आणला असेल. तो घेऊन ती विहिरीवर घिरट्या घालत होती, आणि इकडं माळवदावर तिची पिल्लं भुकेनं फुत्कारत होती. ते फुत्कारणं मला हातभर अंतरावरून जेमतेम ऐकू येत होतं, इतका खाली कालवा.

बाई उठल्या. माळवदाच्या कडेला उभ्या राहिल्या.

"खामोश!" वर्गात द्यायच्या तसा आवाज दिला. "तुम्ही मला काय बोलायचं ते उद्या बोला. दारात येऊन बोला. पण आत्ता सगळे खामोश बसा. त्या माईला लेकरं ऐकू येऊन नाही राहिलीत."

मला वाटलं, आता दगड येणार. पण लहानपणीची सवय म्हणा, काय म्हणा, आधी एक जण गप्प झाला, मग दुसरा. कुणीतरी रेडिओ बंद केला. भावानं कुत्र्याचं तोंड दाबून धरलं. बायांनी रडती पोरं छातीशी घेतली. मिस्त्रीनं विडी विझवली. शेवटी अशी शांतता झाली, की तशी मी जन्मात ऐकली नाही. एवढी भरली वस्ती, आणि श्वासांचासुद्धा आवाज नाही. पिल्लांचं फुत्कारणं आता अख्ख्या वस्तीला ऐकू येत होतं. लोक माना वर करून माळवदाकडं बघत होते.

मी खाली विहिरीकडं पाहिलं. भावजय काठावर पालथी पडली होती, तोंड आत घालून. दुःखानं पडली असेल, असं वाटलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

घुबडीण वळली. विहिरीवरून, भावजयीवरून, सगळ्या लोकांच्या डोक्यावरून ती आली. पांढरी, रुंद, आवाज नसलेली. खोक्याच्या काठावर बसली तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं त्या पिंपळपानी तोंडानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पिल्लांकडं. उंदीर आत टाकला. क्षणभर बसली आणि दुसरा आणायला छावणीकडं निघून गेली. कुणी हललं नाही. म्हाताऱ्या माणसांनी नकळत हात जोडले होते.

तेव्हा भावजय उठली. तोंडातला पदर काढला.

"आक्का," ती म्हणाली, "पाणी."

"काय गं?"

"पाणी हाय. दगडाच्या खालून येऊन राहिलंय. झुळझुळ ऐकू येतंय."

मिस्त्रीनं काठावर उडीच घेतली, कान लावला, आणि दोन्ही हात वर केले. वस्तीतून एकच गलका उठला. त्या गलक्यात बाई शिडीवरून अर्ध्या घसरतच खाली उतरल्या आणि त्यांनी भावजयीचे खांदे धरले.

"कवापासून ऐकू येऊन राहिलंय तुला?"

"तुम्ही खामोश म्हणल्या तवापासून."

"अगं मग वरडली का न्हाईस?"

भावजयीनं पदरानं डोळे पुसले. "ती माय लेकरं हुडकून राहिली होती न्हवं, आक्का," ती म्हणाली. "मी वरडले असते, तर तिला कसं ऐकू आलं असतं?"